कोर्टात नेलेली वाटी

तुमच्या आईने लहानपणी एकदा कोर्टातला पुरावा खाल्ला होता. हे तिने तुम्हाला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, हा विषय निघाला की मला त्रास होतो. मला त्रास होत नाही. मला फक्त अर्धवट सांगितलेली गोष्ट आवडत नाही, आणि मागच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा ती अर्धवटच राहिली. धाकटीने फळीवरून एक स्टीलची वाटी काढली, तिच्या बुडावरचा पुसट निळा आकडा आणि कडेला कोरलेलं परक्या बाईचं नाव पाहिलं आणि विचारलं, "ही कुणाची?" तुमची आई म्हणाली, "शेजारची," आणि उठून पंखा जोरात केला. म्हणून हे लिहून पाठवते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल. लागू दे.

तेव्हा आम्ही जुन्या जालन्यात राहत होतो. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. माझं सासर वाटूरचं, घरची शेती. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून म्हणून तिथे माझं कौतुक होतं. पाहुणे आले की मला काहीतरी इंग्रजी वाचून दाखवायला सांगत. औषधाच्या बाटलीवरचा कागद असला तरी चालत असे.

तुमचे आजोबा जालन्यातच एका सरकारी कचेरीत होते. व्यवस्थित माणूस. चपला भिंतीला लावून सरळ ठेवणारे, पेनाचं टोपण कधी न हरवणारे. लग्न जमवणाऱ्यांनी "दोघंही एकमेकांसारखे आहेत" असं सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

ते मला मारत. तेही व्यवस्थित. आधी खिडकी लावत, मग रेडिओ लावत, आवाज पूर्ण मोठा. त्या वेळेला बहुधा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चालू असे. कपाशीवरच्या अळीबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते तिथून. झालं की रेडिओ बंद करून त्यावरचा विणलेला रुमाल ते परत नीट घालत.

माझ्या बाजूने मीही कमी नव्हते. शाळेला रजा घेतली नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू चुकवलं नाही. डॉक्टरांना, शाळेतल्या बायकांना, माझ्या आईला मी "पडले" असं सांगत असे. कुठे पडले तेही ठरलेलं असे. तीच जागा लागोपाठ येऊ नये म्हणून न्हाणीघर, गच्चीचा जिना आणि शाळेची पायरी मी आलटून पालटून वापरत असे. शाळेची ती पायरी नंतर मुख्याध्यापिकाबाईंनी फोडून नवी बांधून घेतली. पायरीत काही दोष नव्हता.

मग एका सकाळी तुमच्या आईचा सातचा पाढा चुकला. ती स्वतःच सात वर्षांची होती. तुमच्या आजोबांनी पेपराची घडी केली, उठले आणि खिडकी लावली. रेडिओपर्यंत ते पोचले नाहीत, कारण दारात शाळेची रिक्षा येऊन थांबली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तुमच्या आईला घेतलं, पण त्या घरी नेलं नाही. नदीपलीकडे नव्या जालन्यात एक खोली भाड्याने घेतली आणि घटस्फोटाचा अर्ज केला.

त्यांनी वकिलामार्फत उत्तर दिलं. मारहाण कधीच झाली नाही. पत्नी सुशिक्षित व तापट आहे, विनाकारण घर सोडून गेली आहे, नोकरीमुळे मुलीकडे बघू शकत नाही. मुलीला वाटूरला आजी-आजोबांकडे ठेवण्याची परवानगी मिळावी. म्हणजे मामला सोपा होता. मार सिद्ध झाला तर तुमची आई माझ्याजवळ. नाही झाला तर मी विनाकारण घर सोडलेली बाई, आणि ती वाटूरला.

माझे वकील एका कापडदुकानाच्या वर बसत. वयस्कर, सुपारी कातरत बोलणारे. मी पहिल्याच दिवशी त्यांना सगळं क्रमाने सांगितलं. आधी कारण, मग घटना, मग परिणाम. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "बाई, बिलकुल असं सांगू नका."

"यात काय चुकलं?"

"काहीच चुकलं न्हाई, हेच वंगाळ. धडा शिकवल्यावानी सांगून राह्यला तुम्ही. जज्जसाहेबाला वाटंल, पाठ केलंय. जरा विसरा."

"काय विसरू?"

"आता तेबी मी सांगू का?"

मी घरी जाऊन प्रयत्न केला. कोणत्या गोष्टी विसरायच्या ते ठरवलं आणि त्या बरोबर त्याच जागी विसरू लागले. वकीलसाहेबांनी पुन्हा ऐकलं आणि अडकित्ता खाली ठेवला.

"रडता येतं का?"

"येतं. पण ठरवून नाही."

"मंग साडी तरी चुरगळलेली नेसा. अन् इंग्रजी शब्द तोंडातून काढायचा न्हाई."

चुरगळलेली साडी माझ्याकडे नव्हती. तारखेच्या आदल्या दिवशी मी एक साडी उशीच्या अभ्र्यात कोंबून ठेवली. सकाळी बाहेर काढली आणि सवयीने तिला इस्त्री केली. कडक साडी नेसून कोर्टाच्या व्हरांड्यात पोचल्यावर ते माझ्या लक्षात आलं. वकीलसाहेबांनी एकदा वरून खाली पाहिलं आणि सुपारी तोंडात टाकली.

व्हरांड्यात तुमचे आजोबाही होते. ते जवळ आले. "बारीक झालीस," म्हणाले. मग म्हणाले, "वाटूरला तिची खोली रंगवून घेतली. फिकट गुलाबी. बाहेरून चांगली कडीपण बसवून घेतली." हे ते अगदी घरगुती आवाजात म्हणाले. जवळून जाणाऱ्याला वाटलं असतं, नवरा-बायको घराच्या दुरुस्तीबद्दल बोलताहेत.

त्या दिवशी माझी साक्ष झाली. त्यांच्या वकिलांनी मला फार काही विचारलं नाही. शाळेचं हजेरीपत्रक दाखवलं. त्यात माझी रजा नव्हती. हळदीकुंकवाचे फोटो दाखवले. त्यात मी हसत होते.

"डॉक्टरांना तुम्ही पडले असं सांगितलंत?"

"हो."

"मुख्याध्यापिकांनाही?"

"हो."

"म्हणजे या सगळ्यांशी तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"आणि आज मात्र खरं बोलताय."

"हो."

"बाई, तुम्ही खोटंही इतकं छान बोलता, की आम्हाला फरक कसा कळावा?"

कोर्टात थोडं हसू झालं. मी शिक्षिका होते. प्रश्न चांगला होता हे मला मान्य करावं लागलं.

बाहेर आल्यावर माझे वकील म्हणाले, "बाई, तुम्ही इतकं नीट लपवलं, की आता मलाबी सापडंना. कुणीतरी बाहेरचं माणूस पाहिजे. शेजारी कोण होतं?"

शेजारी वहिनी होत्या. आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे त्यांचं घर. त्यांचे यजमान मोंढ्यात धान्याची आडत चालवत. माणसं मूळची वडीगोद्रीकडची, शेतकरी. वहिनी माझ्याहून थोड्या मोठ्या. मी त्यांना वहिनी म्हणे, त्या मला बाई म्हणत.

आता इथे तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. तुमच्याकडे शेजाऱ्याचा डबा परत करताना तो धुऊन दिला की झालं. आमच्याकडे तसं चालत नाही. शेजारून वाटीतून काही आलं, तर ती वाटी रिकामी परत पाठवायची नसते. आपल्याकडे केलेलं काहीतरी त्यात घालून द्यायचं. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. वहिनींच्या आणि माझ्या घरांमधून अशी एक वाटी वर्षानुवर्षं ये-जा करत होती. ती त्यांच्या सासूबाईंच्या सहा वाट्यांच्या संचातली होती आणि प्रत्येकीवर सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं.

मी वहिनींना गाठलं ते मंगळवारी, देवीच्या देवळात. घरी जाणं बरं दिसलं नसतं. तुमच्या आजोबांच्या घरचा माल त्यांच्याच आडतीवर येत असे. मी त्यांना सांगितलं की वकील विचारतात, शेजाऱ्यांना काही ठाऊक आहे का.

वहिनींनी प्रसादाची पुडी बांधली. "ठाऊक न्हाई व्हय? बाई, शेत तिकडं वाटूरला, हितं तुमचा एक गुंठा न्हाई. मंग कपाशीवरच्या अळीचं एवढ्या जोरात काहून ऐकत व्हते?"

मी हातातला नारळ पिशवीत ठेवला.

"अन् रेडिओ जोरात लागला की दुसऱ्या दिशी म्या मुद्दाम वाटी पाठवायची. तुम्ही साखर घालून वापस करायच्या. बाकीच्या दिशी शिरा, कढी, कायबाय. रेडिओच्या दुसऱ्या दिशी साखर."

त्या मुद्दाम पाठवत होत्या हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटे, त्यांच्याकडे पदार्थ उरतात.

"कोर्टात सांगाल का?" मी विचारलं.

"ह्यांना इचारते," त्या म्हणाल्या, आणि पायरीवर चपला शोधू लागल्या.

पुढचा मंगळवार आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "ह्यांनी हो म्हणलं न्हाई, न्हाईबी म्हणलं न्हाई. खर्चा किती येईल एवढं इचारलं. म्या म्हणलं, रिक्षाचा. मंग जेवले."

त्यांच्या घरात याचा अर्थ होकार असा होता.

वकीलसाहेब वाटीचं ऐकून आधी हसले, मग हसायचे थांबले. "वाटी हाय का अजून? मंग ती घेऊनच या म्हणावं. नुसतं तोंडी सांगितलं तर हवेत जातंय. साहेबाला वस्तू दिसली पाहिजे. लाल कापडात बांधून आणा, बराबर पुराव्यासारखी."

साक्षीची तयारी माझ्या खोलीवर झाली. वहिनी म्हणाल्या, आधी त्या मला प्रश्न विचारणार, म्हणजे त्यांना अंदाज येईल. त्यांनी माझी काळी छत्री काखेत धरली, पदर खोचला आणि दोन पावलं इकडे, दोन तिकडे टाकली.

"तुमच्या नवऱ्यानं तुम्हाला मारलं, हे कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

"मंग हितं कशाला आल्या? घरी सैपाक न्हाई का?"

"वहिनी, वकील असं विचारत नाहीत."

"इचारतेत. माझ्या भावाच्या बांधाच्या केसमदी ह्याच्याहून वंगाळ इचारल्तं. सांगा, शिकल्या-सवरल्या बाईला कोण मारतं?"

"ज्याला मारायचं असतं तो."

वहिनींनी छत्री खाली घेतली. "हे चांगलं हाय. हे सांगा तिथं."

"माझी साक्ष झाली आहे."

"अरारा."

मग मी वकील झाले. वहिनी उत्तरं देताना मधेच हसत, मधेच तुमच्या आईला "खिडकीतून वाकू नको" असं सांगत. मी त्यांना म्हटलं, कोर्टात असं करायचं नाही. विचारतील तेवढंच बोलायचं, वाटी पुढे करायची आणि गप्प राहायचं. त्यांनी मान डोलावली. तुमची आई खिडकीत बसून ऐकत होती. तिने विचारलं, "वाटूरला शाळा आहे का?" वहिनी म्हणाल्या, "हाय. पण तुला काय करायचं तिचं?" आणि तिच्या हातावर खडीसाखर ठेवली.

तारखेच्या दिवशी वहिनींचे यजमान त्यांना स्वतः स्कूटरवरून घेऊन आले. फाटकाबाहेर उतरवलं आणि कुणी बघायच्या आत निघून गेले. तुमच्या आईला माझ्याबरोबरच्या शिक्षिकेजवळ बाहेर बाकावर बसवलं होतं. आत मी, दोन्ही वकील, तुमचे आजोबा, टंकलेखक आणि न्यायाधीश. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. त्यांनी मफलर गुंडाळला होता, आणि जालन्यात त्या महिन्यात मफलर गुंडाळणारे ते बहुधा एकटेच होते.

वहिनी पिंजऱ्यात चढल्या. शपथ घेतली. हातात लाल कापडाची पुरचुंडी होती. माझ्या वकिलांनी ती सोडायला सांगितली. वहिनींनी गाठ सोडली. आत वाटी होती आणि वाटीवर एक ताटली पालथी घातलेली होती.

"वर झाकण कशाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मुंग्या लागतेत, साहेब."

"वाटीला?"

"लाडवाला."

वहिनींनी ताटली उचलली. वाटीत रव्याचे लाडू होते. एकावर बेदाणा लावलेला होता.

तुमच्या आजोबांचे वकील उभे राहिले. "साक्षीदार माननीय न्यायालयासाठी मिठाई घेऊन आल्या आहेत. याची नोंद व्हावी." माझ्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. टंकलेखकाने हात थांबवले आणि न्यायाधीशांकडे पाहिलं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की वाटूरची खोली रंगवून तयार आहे.

"हे कुणासाठी आणलेत?" न्यायाधीशांचा आवाज बदलला होता.

"कुणासाठीच न्हाई."

"मग आणले कशाला?"

"वकीलसाहेब म्हणले, वाटी आणा. म्या घासून पुसून घेतली, कापडात बांधली. अन् उंबऱ्यातून पाऊल उचलंना. रिकामी वाटी हातात घेऊन कुणाच्या दारी कसं जावं, साहेब? अन् हे तर एवढं मोठं कोर्ट."

न्यायाधीशांनी मफलरमध्ये नाक पुसलं. मग त्यांनी पट्टेवाल्याला लाडू एका कागदावर काढून बाहेर ठेवायला सांगितलं. त्याने ते बाहेरच्या बाकावर ठेवले. त्या बाकावर तुमची आई बसली होती.

मग न्यायाधीश वहिनींना म्हणाले, "म्हणजे तुमच्यात वाटी रिकामी देत नाहीत."

"तुमच्यात देतेत का?"

"नाही," न्यायाधीश म्हणाले. मग त्यांनी टंकलेखकाला सांगितलं की हे शेवटचं लिहू नका.

त्यानंतर साक्ष झाली. वहिनींनी रेडिओचं सांगितलं, अळीचं सांगितलं, साखरेचं सांगितलं. मी शिकवलेलं त्यातलं काहीच नव्हतं. समोरचे वकील उठले.

"मारताना पाहिलंत?"

"न्हाई."

"ओरडण्याचा आवाज?"

"रेडिओचा ऐकला."

"म्हणजे वाटीत साखर आली की बाईंनी मार खाल्ला. घरात दुसरं काही शिल्लक नसेल, असं तुम्हाला वाटलं नाही?"

"ह्या बाईच्या घरात? साहेब, ह्यांच्या डब्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतेत. मिठावरबी. ह्यांच्याकडं कायबी शिल्लक न्हाई असं कधी व्हत न्हाई."

"एवढी शंका होती तर दार का नाही वाजवलंत?"

"वाजवल्तं की एकदा. बाई म्हणल्या, पडले. अन् मला चहा टाकायला उठल्या. एका हातानं. मंग म्या दार वाजवायचं सोडलं अन् वाटीच पाठवायला लागले. पोरगी वाटी घेऊन आली म्हणजे कळायचं, बाई जिती हाय."

समोरचे वकील म्हणाले की आपल्याला आणखी काही विचारायचं नाही. त्यांच्या दृष्टीने ते ठीकच होतं. साखरेवरून कुणाला काही सिद्ध करता येणार नव्हतं.

न्यायाधीश वाटी हातात घेऊन बघत होते. त्यांनी कोरलेलं नाव वाचलं, वाटी खाली ठेवली आणि मला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. हे कुणाच्याच तयारीत नव्हतं. माझे वकील अर्धे उठले आणि परत बसले.

"बाई, साखरच का?"

"साखरेला एक हात पुरतो," मी म्हटलं. "डबा गुडघ्यांत धरला की झाकण एका हाताने निघतं. शिरा करायचा तर कढई धरावी लागते. कणीक मळायला परात धरावी लागते."

"दुसऱ्या हाताला काय झालेलं असे?"

"ते पिरगाळत. डावा."

"नेहमी डावाच?"

"हो. उजव्या हाताने मला फळ्यावर लिहावं लागतं. मी शाळेत गेले नाही तर लोक विचारतील, हे त्यांना माहीत होतं."

हे मी माझ्या वकिलांनाही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, आणि माझ्या कारण-घटना-परिणामात ते कुठे बसत नव्हतं. मला ती घरातली एक सोय वाटे. वर्गात माझी कधी पंचाईत झाली नाही, याबद्दल एखाद्या वेळी मला बरंही वाटलं असेल.

न्यायाधीशांनी टेबलावरचं हजेरीपत्रक ओढून घेतलं. तेच, ज्यात माझी रजा नव्हती. त्यांनी ते पुन्हा चाळलं. मग टंकलेखकाला न सांगता स्वतःच्या पेनाने काहीतरी लिहिलं. तुमच्या आजोबांनी खिशातून रुमाल काढला, चारी कडा जुळवून त्याची घडी केली आणि तो परत खिशात ठेवला.

बाहेर आलो तेव्हा बाकावर नुसता कागद होता. तुमच्या आईच्या तोंडाला रवा लागला होता. माझ्याबरोबरची शिक्षिका म्हणाली, "मला वाटलं तिच्यासाठीच पाठवलेत." समोरचे वकील जाता जाता तिच्याकडे बघून थांबले. "पुरावा नष्ट केलास की गं," म्हणाले. तिने त्यांना उरलेला बेदाणा दिला. त्यांनी तो घेतला, हेही सांगायला हवं.

निकाल उन्हाळ्याच्या सुट्टीआधी लागला. घटस्फोट मंजूर झाला आणि तुमची आई माझ्याजवळ राहिली. तुमच्या आजोबांना रविवारी तिला माझ्या खोलीवर येऊन भेटायची परवानगी होती. ते काही रविवार आले, खुर्चीत ताठ बसले, तिला पाढे विचारले नाहीत, आणि मग त्यांची बदली झाली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. वाटूरची गुलाबी खोली पुढे बियाणं ठेवायला वापरत, असं ऐकलं.

राहिली वाटी. ती कोर्टात जमा झाली होती आणि संच मोडल्यामुळे वहिनींच्या सासूबाई जेवणं वाढताना रोज विचारत, "सहावी कुठाय?" वहिनी रोज सांगत, "सरकारकडं हाय." मी अर्ज केला. अपिलाची मुदत संपल्यावर या, असं उत्तर आलं. मुदत संपली तेव्हा वहिनी आणि मी दोघी गेलो. कारकुनाने कपाटातून वाटी काढली, सही घेतली आणि वाटी वहिनींच्या हातात दिली. बुडावर निळ्या शाईने आकडा घातलेला होता. वहिनींनी आत पाहिलं, उलटी करून पाहिली, पुन्हा आत पाहिलं.

"काही राहिलंय का?" कारकुनाने विचारलं.

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "तेच बघून राह्यले."

पायऱ्या उतरताना त्या मला म्हणाल्या, "बघा बाई, आपण लाडू घालून दिल्ती. यांनी चिमूटभर साखर घातली न्हाई." कोर्टाबद्दलचं त्यांचं मत तिथे पक्कं झालं आणि निकाल आमच्या बाजूने लागलेला असूनही ते पुढे कधी बदललं नाही. आकडा चिंचेने घासून पाहिला, राखेने घासून पाहिला. निघाला नाही. सासूबाईंनी ती वाटी संचात परत घेतली नाही, आणि तेव्हापासून ती फक्त आमच्या दोन घरांसाठीच राहिली. मधे नदी होती, पण तुमची आई सायकल शिकली होती.

वहिनी आता मुलाकडे औरंगाबादला असतात. गुडघे गेलेत, बोलणं तसंच आहे. दिवाळीनंतर त्यांनी कुणाबरोबर तरी वाटी पाठवली होती, शेंगदाण्याची चटणी घालून. तुम्ही फळीवर पाहिलीत ती तेव्हाची. म्हणजे सध्या पाळी माझी आहे आणि मला आधीच उशीर झाला आहे. डावा हात हल्ली थंडीत जरा धरतो, म्हणून रवा भाजायला मी कामाच्या बाईला कढई धरायला सांगितलं आहे. साखर घालून पाठवायचा विचार मी केलेला नाही. वहिनी पहिल्या गाडीने इथे येतील.